डोंगराचे त्रेसष्ट

मालनबाई उकिडव्या बसल्या, फडक्याची चुंबळ टाळूवर नीट बसवली आणि दोन्ही हात वर केले.

"ठेवा. पर टाकू नका, ठेवा."

गहिनीनाथ आभाळे आणि जीपचा ड्रायव्हर या दोघांनी लाकडी पेटी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली. पेटीचं वजन बारा-तेरा किलोच होतं, पण आत काचेची नळी होती आणि तसली नळी सबंध जिल्ह्यात दुसरी नव्हती. मालनबाई उठून उभ्या राहिल्या. पेटी केसभरही कलली नाही. गहिनीनाथनं इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला.

दिवाळीत त्यानं हीच पेटी स्वतः वाहून नेली होती आणि परतताना ओढ्याच्या दगडांवर पाय घसरून पहिली नळी फोडून बसला होता. या खेपेला तो शहाणा झाला होता. राजूरच्या वरातींत वीस वर्षं डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणाऱ्या मालनबाईंना त्यानं चार दिवस आधीच सांगून ठेवलं होतं. घोडा बुजो, फटाके फुटोत, वऱ्हाडी नाचता नाचता अंगावर कोसळोत, मालनबाईंच्या डोक्यावरची बत्ती हलत नसे, अशी त्यांची ख्याती होती. जीपचा रस्ता संपल्यावर उंबरदरीच्या बोगद्यापर्यंत मैलभर पायवाट होती. तेवढ्या मैलासाठी त्याला असंच डोकं हवं होतं.

"चला, डाक्टर साहेब," मालनबाई म्हणाल्या. "तुमचा गुडघा दुखतोय जनू. डाक्टर असून सोताचंच औषध लागू पडंना व्हय?"

मुंबईहून आलेले डॉ. केंकरे हसले नाहीत. ते त्या जातीचे डॉक्टर नव्हते, पण हे समजावून सांगण्याचा त्यांना कंटाळा आला असावा. मार्चच्या उन्हातही त्यांच्या अंगात कोट होता. ते पायवाटेला लागले.

गहिनीनाथ संगमनेरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. आडनाव आभाळे आणि सगळा जीव जमिनीखाली, असं कॉलेजात त्याच्यामागं म्हणत. तोंडावरही म्हणत. तीन वर्षं तो मुंबईच्या संस्थेला पत्रं लिहीत होता, की भंडारदऱ्याच्या अंगाला एका डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो पकडण्याचं मोठं यंत्र बसवता येईल, मी त्याचा आराखडा केला आहे, कुणीतरी येऊन बघा. पाच पत्रांना 'सध्या विचार नाही' एवढंच उत्तर आलं. सहाव्या पत्रात त्यानं दिवाळीत बोगद्यात मोजलेला आकडा लिहिला, आणि त्या आकड्यानं केंकऱ्यांना इथवर ओढून आणलं. आज ते तोच आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होते. तो खरा निघाला तर आराखडा संस्थेपुढं जाणार होता. खोटा निघाला तर संध्याकाळी जीप परत जाणार होती, आणि सातवं पत्र कुणी उघडणारसुद्धा नव्हतं.

बोगद्याच्या तोंडाशी पेटी एका सपाट धोंड्यावर ठेवून त्यांनी पहिलं माप घेतलं. पेटीच्या बुडाला लांबट फट होती आणि फटीआड नळी. किरणाचा एक कण नळीत शिरला की पेटीतला छोटा कर्णा 'टक्' करायचा. केंकऱ्यांनी घड्याळ धरलं, गहिनीनाथनं वहीत रेघा ओढल्या. मिनिटाला चोवीस.

"आत किती अपेक्षित आहेत?" केंकऱ्यांनी विचारलं.

"सहा. फार तर सात."

"बघू."

पाटबंधारे खात्यानं दहा वर्षांपूर्वी चाचणीसाठी पाडून तसाच सोडलेला हा बोगदा साडेआठशे फूट सरळ डोंगरात जात होता. गहिनीनाथ कंदील घेऊन पुढं, मधे मालनबाई, मागं टॉर्च घेतलेले केंकरे. आत गारवा होता. छतातून कुठंकुठं पाणी ठिबकत होतं. बाहेर उंबरदरीच्या बाया एका हंड्यासाठी कोसभर हिंडत होत्या आणि इथं डोंगर स्वतःशीच पाझरत बसला होता.

बोगद्याच्या टोकाला पोचल्यावर मालनबाईंनी पेटी उतरवून घ्यायला लावली, आणि गहिनीनाथनं शर्टाच्या आतून आराखड्याची गुंडाळी काढली. त्या क्षणापासून त्याला कसलं भान राहिलं नाही.

"साहेब, ही भिंत इथून पुढं ऐंशी फूट खोदायची. वर बाराशे फूट काळा पाषाण आहे, छताची काळजी नको. ह्या इथं," तो धावत जाऊन हात पसरून उभा राहिला, "इथून टाकी सुरू. लोखंडाची. तीनशे टन तेल मावेल. आणि टाकीच्या चारी अंगांना काचेचे डोळे, घागरीएवढे. चारशे!"

"कसलं तेल, सर?" मालनबाईंनी विचारलं. "गोडंतेल?"

"नाही मावशी, खायचं नाही."

"मग बरं. न्हाईतर रेशनची रांग हितंच यायची."

गहिनीनाथ हसला आणि आता त्यांनाच समजावून सांगू लागला. सूर्यातून एक कण निघतो. तो माणसातून, डोंगरातून, सबंध पृथ्वीतून आरपार जातो आणि कुणाला धक्का लागत नाही. आत्ताही जातोय, तुमच्यातून, माझ्यातून, साहेबांच्या कोटातून. कोट्यवधींत एखादाच कुठंतरी अडखळतो. तो ह्या तेलात अडखळला की एक बारीक ठिणगी उडेल, आणि चारशे डोळे ती टिपतील. एखादा तारा कोसळून मेला, तर दहा सेकंदांत असल्या ठिणग्यांचा पाऊस पडेल. ती बातमी सगळ्या जगाच्या आधी इथं कळेल, ह्या डोंगरात!

बोलता बोलता त्याचा आवाज चढला आणि बोगदा तो परत पाठवू लागला. मालनबाई पदर तोंडाशी धरून कौतुकानं ऐकत होत्या. गोष्ट त्यांना अर्धीमुर्धी कळली असेल, पण माणूस पुरता कळला होता.

"चारशे काचेचे डोळे त्या ओढ्यातून आणणार कसे?" केंकऱ्यांनी विचारलं.

गहिनीनाथनं मालनबाईंकडं बोट दाखवलं. या वेळी केंकऱ्यांच्या मिशा किंचित हलल्या.

"आराखडा वाईट नाही, आभाळे. खरं सांगायचं तर चांगला आहे. पण ठिणगी बारीक आहे. वरून येणारा कचरा डोंगर अडवतो, मान्य. मात्र दगड स्वतःच किरणं टाकत असेल तर चारशे डोळे नुसते मिचमिचत राहतील. घरात ढोल वाजत असताना पैंजण ऐकू येत नाही. चला, मोजू."

खाली दगड ओला होता. मालनबाईंनी चुंबळ अंथरली आणि पेटी तिच्यावर ठेवून घेतली. केंकऱ्यांनी घड्याळ दाबलं.

टक्. टक् टक्. टक् टक् टक् टक्.

गहिनीनाथची पेन्सिल धावू लागली. पाव मिनिटातच ओळ भरली, दुसरी भरली. मिनिट संपेपर्यंत त्याचा चेहरा उतरला होता.

"किती?"

"एकाहत्तर."

"पुन्हा."

अडुसष्ट. मग त्र्याहत्तर. केंकऱ्यांनी जागा बदलायला सांगितली. मालनबाईंनी दहा फुटांवर चुंबळ मांडली, पेटी तिथं ठेवली. सत्तर. उजव्या भिंतीलगत घेतलं, डाव्या भिंतीलगत घेतलं. डोंगर काही केल्या गप्प बसेना. बाहेर उघड्यावर होता त्याच्या तिप्पट गलका आत चालला होता.

"दिवाळीतलं माप आपण स्वतः घेतलं होतं?" केंकऱ्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

"हो."

"सोबत कोण होतं?"

"कुणी नाही."

"हं." त्यांनी घड्याळ कोटाच्या खिशात टाकलं. "होतं असं कधी कधी. माणसाला हवा तो आकडा दिसतो. डोंगर बोलका आहे, आभाळे. त्याला माझा इलाज नाही."

गहिनीनाथ आराखड्याची गुंडाळी करू लागला. कागद सरळ गुंडाळला जाईना. तीन वर्षं रोज तपासायचे पेपर बाजूला सारून त्यानं ह्या रेघा मारल्या होत्या, आणि आता त्याला वाटू लागलं, की दिवाळीतला आकडा खरंच आपण मोजला, की नुसता मनात धरून आलो? स्वतःवरच संशय यावा यासारखी वाईट गोष्ट नाही.

मालनबाई एकदा ह्याच्याकडं आणि एकदा त्यांच्याकडं बघत होत्या. काहीतरी बिघडलंय आणि पेटी तर आपण आणली, एवढं त्यांना समजलं होतं.

"सर, म्या काय केलं न्हाई बरं का," त्या म्हणाल्या. "पेटीला धक्का न्हाई लागू दिला. आनि ओल लागाया नगं म्हनून दर बारीला चुंबळीवरच ठेवली. हितं आत दगडावर एकदाबी न्हाई टेकू दिली."

"तुमचं काही चुकलं नाही, मावशी," गहिनीनाथ म्हणाला. आणि गुंडाळी करता करता थांबला.

दर बारीला चुंबळीवर.

त्यानं कागद सोडून दिला, गुडघ्यावर बसला आणि पेटी दोन्ही हातांनी फूटभर वर उचलली. टक्-टक् मंदावली. खाली टेकवली, पुन्हा कडकडाट. वर उचलून कडेला नेली. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्.

"साहेब!"

केंकरे गुडघा विसरून खाली बसले. त्यांनी पेटी स्वतः वर-खाली केली, एकदा, दोनदा, तीनदा. मग चुंबळीकडं बोट दाखवून मालनबाईंना विचारलं, "ह्यात काय आहे?"

"काय असनार? सासूच्या लुगड्याचं फडकं हाय. झुंबरबाई बत्ती वाहायची तवापासनं. ती थकली तवा तिनं बत्ती माझ्याकडं दिली आनि चुंबळबी."

"बत्तीची काच कशानं पुसता?"

"ह्येनंच. मेंटल फुटलं की काचंत राख पडती न्हवं? ती पुसायची, फडकं झटकायचं, परत चुंबळ वळायची. दुसरं फडकं कोन घिऊन हिंडतंय?"

केंकरे तसेच ओल्या दगडावर मांडी घालून बसले आणि हसू लागले. साठीचा माणूस, कोट चिखलात, आणि हसू आवरेना.

"मेंटल! आभाळे, बत्तीच्या मेंटलमध्ये, त्या पांढऱ्या जाळीत, थोरियम असतं. त्याच्यामुळं तर उजेड एवढा पांढरा पडतो. आणि थोरियम किरणं टाकतं. सासू-सुनांनी सगळ्या तालुक्याच्या वराती उजळल्या आणि त्याची राख ह्या फडक्यात साठवली. आपण मोजत होतो ती डोंगराची किरणं नव्हतीच, राजूरच्या लग्नांची होती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!"

गहिनीनाथनं चुंबळ तिथंच पडलेल्या एका काठीच्या टोकावर उचलली आणि धावत सुटला. साडेआठशे फूट बाहेर, तिथं ती एका धोंड्याखाली दडपली आणि साडेआठशे फूट परत, वाटेत छतातून गळणाऱ्या पाण्याखाली हात धुऊन. येईपर्यंत केंकऱ्यांनी पेटीचं बूड रुमालानं पुसून रुमाल लांब भिरकावून दिला होता. पेटी उघड्या दगडावर बसली.

"आता एक मिनिट नाही," केंकरे म्हणाले. "दहा."

त्या दहा मिनिटांत कुणी खोकलंसुद्धा नाही. टक् झालं की गहिनीनाथच्या छातीत धस्स व्हायचं, आणि मग लांबलचक शांतता आली की त्याला ओरडावंसं वाटायचं. एकदा तर चाळीस सेकंद काही नाही. पाणी ठिबकत होतं तेवढंच. इतकी सुंदर शांतता त्यानं जन्मात ऐकली नव्हती.

"वेळ संपली. किती?"

"त्रेसष्ट, साहेब. दहा मिनिटांत त्रेसष्ट! मिनिटाला सहा!"

केंकऱ्यांनी वही हातात घेतली, आकडा किती इकडंतिकडं होऊ शकतो तेही सवयीनं धरून नीट अक्षरात लिहिलं: 'डोंगर, दहा मिनिटे, ६३ अधिक-उणे ८.' मग हात पुढं केला.

"मघाशी जे बोललो त्याबद्दल माफ करा. मी शिफारस करीन. एवढा शांत दगड मी खाणीतही पाहिला नाही."

गहिनीनाथनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, सोडला, भिंतीपाशी गेला आणि काळ्या पाषाणावर थापा मारू लागला. "सहा!" तो ओरडला. "सहा!" बोगद्यानं ते बाहेरपर्यंत नेलं. "मावशी, तुमच्यामुळं कळलं हो! तुम्ही बोलला नसतात तर आम्ही—"

तो बोलता बोलता वळला.

मालनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर मागं सारला होता आणि उजवा हात टाळूवर ठेवला होता. जिथं चुंबळ बसायची, बरोबर तिथं.

"ते फडकं किरनं टाकतंय म्हनता," त्या म्हणाल्या. "वीस वर्सं हितं हुतं ते."

गहिनीनाथच्या चेहऱ्यावरचं हसू मावळायला थोडा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळाची त्याला फार लाज वाटली.

"तसं फार नसतं ते," केंकरे म्हणाले. "म्हणजे, साधारणपणे—" ते थांबले. टॉर्च उगाच लावला, विझवला. "मला खरं म्हणजे माहीत नाही, बाई. कुणी मोजलेलं नाही."

"मंग मोजा की. पेटी तर हितंच हाय."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग गहिनीनाथनं पेटी उचलली आणि मालनबाईंच्या डोक्यावर, केसांना लागणार नाही इतकी वर, हातांवर तोलून धरली. केंकऱ्यांनी घड्याळ दाबलं. मोजायचं काम आता त्यांच्याकडं होतं.

एका मिनिटाला एकोणीस.

मालनबाईंना आकड्यांचं काही ठाऊक नव्हतं, पण डोंगराचे सहा त्यांनी ऐकले होते.

"ते केसांतलं असेल," गहिनीनाथ घाईघाईनं म्हणाला. "राख आहे ना, केसांत बसली असेल. धुवून बघू. साहेब, धुवून बघू ना?"

"धुवा," केंकरे म्हणाले. "नीट धुवा. घाई नाही."

"डाक्टर साहेब, तुमची गाडी?"

"थांबेल."

छताच्या चिरेतून धार गळत होती तिथं मालनबाई वाकून उभ्या राहिल्या. अंबाडा सोडला. केस पांढरे होते आणि पाणी बर्फासारखं. शिकेकाई नव्हती, त्यांनी बोटांनी चोळचोळून धुतले, तीनदा पिळले. गहिनीनाथ कंदील धरून पाठमोरा उभा होता. आज सकाळपासून त्यानं ह्या डोंगराकडं एकच मागणं मागितलं होतं. आता तो तेच मागणं दुसऱ्यासाठी मागत होता, आणि हे त्याला जास्त जड जात होतं.

मालनबाई येऊन बसल्या. हात मांडीवर. वरातीत चालताना असतो तसा चेहरा, समोर बघणारा. गहिनीनाथनं पेटी पुन्हा वर धरली.

"दहा मिनिटं," केंकरे म्हणाले. "हात भरून आले तर सांगा."

"नाही येणार."

टक्.

पाणी ठिबकलं. टक्. टक्. गहिनीनाथ मनात मोजत होता, मोजणं चुकत होतं, पुन्हा धरत होता. चौथ्या मिनिटाला दंड थरथरू लागले. त्यानं कोपर छातीशी दाबून धरले. बारा-तेरा किलो. मालनबाई हे मैलभर घेऊन आल्या होत्या आणि गुडघ्यावरून साहेबांची चेष्टाही केली होती. सहाव्या मिनिटाला एकदम तीन टक् आले आणि त्याचा जीव कासावीस झाला. मग लांब शांतता. मग एक. आठव्या मिनिटाला त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायला हात मोकळा नव्हता.

"वेळ संपली."

केंकऱ्यांनी पेटी धरू लागून खाली ठेवली. मग वही कंदिलाजवळ नेऊन रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजल्या.

"चौसष्ट," ते म्हणाले.

गहिनीनाथ मटकन खाली बसला. "डोंगराएवढंच, मावशी! डोंगराएवढंच निघालं! डोक्यात काही नाही, सगळी वरची राख होती!"

मालनबाईंनी ओल्या केसांवर पदर घेतला. ओठ हलवत काहीतरी हिशेब जुळवला.

"डोंगराचं त्रेसष्ट हुतं न्हवं?"

"हो."

"मंग माझं एक जास्त हाय."

"अहो, एकानं काय होतंय!" गहिनीनाथ हसत सुटला. डोळे भरून आले होते ते त्यानं पुसले नाहीत. "तो कुठूनही आलेला असतो. आत्ता पुन्हा मोजलं तर तुमचे साठ येतील आणि डोंगराचे सत्तर. एक म्हणजे काहीच नाही, मावशी."

"न्हाई, असू द्या," मालनबाई म्हणाल्या. "वीस वर्सं बत्ती वाह्यली. दुसऱ्याचीच लग्नं उजळली. एक र्‍हाऊ द्या माझ्याकडं."

केंकऱ्यांनी वहीत डोंगराच्या खाली दुसरी ओळ लिहिली: 'मालनबाई, दहा मिनिटे, ६४.' सवयीनं पेन्सिल पुढं सरकली होती, ती त्यांनी उचलून घेतली. त्या आकड्यापुढं त्यांनी अधिक-उणे लिहिलं नाही.